हनुवटीच्या वर

माईकवर बसणाऱ्या माणसाला चिठ्ठ्यांची सवय असते. सामना रंगात आलेला असतो आणि टेबलाच्या कडेनं कुणाचा तरी हात वहीचं फाडलेलं पान पुढे सरकवतो. ‘पांढरी इको गाडी गेटसमोरून बाजूला घ्यावी.’ ‘घोलवडहून आलेल्या आजींचा चष्मा सापडला आहे.’ ‘वडापाव संपले आहेत, रांग लावू नये.’ डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात मी गेली तीस वर्षं सामन्यांचं निवेदन करतो आहे, आणि चिठ्ठी आधी मनात वाचायची असते हे मला कधी सुचलंच नाही. डोळे मैदानावर, बोटं चिठ्ठीवर आणि तोंड आपलं सुटलेलं. नंदूच्या हातात किराण्याची यादी दिली तरी तो ती रंगवून वाचेल, असं लोक म्हणायचे. मला त्याचा फार अभिमान होता…

सहा आठवड्यांपूर्वी, रविवारी सकाळी, डहाणूत बास्केटबॉलची स्पर्धा होती. माईकजवळ मोबाईल चालू ठेवला की भोंग्यात खरखर होते म्हणून मी तो बंद करून खिशात टाकला होता. सामना अर्ध्याच्या पुढे गेला होता. तीन चिठ्ठ्या एकदम आल्या. पहिली गाडीची. दुसरी हरवलेल्या किल्ल्यांची. तिसरी मी त्याच सुरात, त्याच लयीत, शेवटच्या शब्दावर माझा तो नेहमीचा हेल काढून वाचली. ‘कुमुदताई गेल्या. नंदूभाऊंनी ताबडतोब चिखल्याला यावं.’ माझा आवाज भोंग्यातून निघाला, समोरच्या इमारतीच्या भिंतीवर आपटला आणि परत आला. तो परत आलेला आवाज ऐकल्यावर मला कळलं, की माझी बहीण वारली.

त्या क्षणी मैदानात, रिंगच्या बरोबर खाली, चेंडू जयेशच्या हातात होता. त्याचं पुढे काय झालं ते सांगतोच. पण आधी ताई सांगायला हवी, आणि खरं तर जयेशला बाजूला ठेवून ताई सांगताच येत नाही. तिच्या आयुष्याची शेवटची चार वर्षं या मुलाच्या दोन हातांवर खर्च झाली.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी आणि माझ्या खांद्याला लागेल एवढी. पाच फूट पुरते भरायला तिला बूट घालावे लागत. झरीजवळच्या एका शाळेत ती खेळाची शिक्षिका होती. रोज चिखल्याहून निघायचं, दोनदा गाडी बदलायची आणि प्रार्थनेच्या आत मैदानावर हजर व्हायचं. लग्न केलं नाही. का केलं नाहीस असं विचारलं की म्हणायची, “शिट्टी गळ्यात असताना मंगळसूत्र अडकतं.” आमची चिकूची वाडी मी बघायचो, म्हणजे झोपाळ्यावर बसून वाडीकडे बघायचो, आणि ताई शाळेतून आली की आधी खळ्यात जाऊन चिकूच्या पाट्या हलवून बघायची. मजुरांना नाही, मला ओरडायची. “नंद्या, पाटी आपटली कुणी? चिकूला मार लागला की त्या दिवशी दिसत नाही. दोन दिवसांनी पिकायला लागला की आतून काळा निघतो. तेव्हा कळून काय उपयोग?” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं, की माईकवर तिची नक्कल करताना वापरायचो. लोक खूप हसायचे.

जयेश तिला शाळेत सापडला, अकरावीत. सहा फूट चार इंच उंच आणि वर्गात सगळ्यांत मागे बाकावर बसूनही मान खाली घालून. त्याची आई आमच्याच भागात वाड्यांवर चिकू काढायला टेम्पोनं यायची. घर झरीच्या पुढच्या पाड्यावर, दार एवढं बुटकं की हा मुलगा दिवसातून वीस वेळा वाकत असणार. ताईनं त्याला शाळेतल्या रिंगखाली उभं केलं आणि त्या दिवशी घरी आली ती चप्पल न काढताच आत. “नंद्या, मला मुलगा मिळाला!” मी म्हटलं, “या वयात? अभिनंदन!” तिनं हातातली पिशवी मला फेकून मारली.

उंच मुलगा रिंगखाली उभा केला की गुण आपोआप होतात, असं बघणाऱ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. तसं होत नाही. तिथे सगळ्यांत जास्त गर्दी असते, धक्के असतात, पाठीला पाठ लागलेली असते आणि तीन सेकंदांच्या वर त्या चौकोनात थांबलं की पंच शिट्टी मारतो. एवढ्या वेळात चेंडू घ्यायचा, मागच्याचा भार कुठल्या बाजूला आहे ते पाठीनंच ओळखायचं, उलट्या बाजूनं पाय टाकून वळायचं आणि चेंडू फळीवरच्या चौकोनाला हलकेच लावून आत सोडायचा. इतर प्रशिक्षक ओरडतात, ‘मार!’ ताई ओरडायची, “ठेव!” तिचा हा एकच मंत्र. फेकायचा नाही, मारायचा नाही, आंधळ्या माणसाच्या हातात कप द्यावा तसा ठेवायचा. त्यासाठी तिनं खळ्यातल्या चिंचेच्या फांदीला एक पाटी उंच टांगली आणि जयेशला कच्चे चिकू दिले. उडी मारून एकेक चिकू पाटीत ठेवायचा, एकदा उजव्या हातानं, एकदा डाव्या. मग त्या पाटीवर तारीख लिहून ती आत ठेवायची आणि चिकू पिकले की जयेशसमोर एकेक कापायची. “हा बघ, काळा. हा तू ठेवला नाहीस, टाकलास.” आठवडाभर आमच्या घरी काळ्या चिकूचा हलवा. खाणारा मी एकटा.

हात तयार झाला. पण दुसरी एक गोष्ट काही केल्या सुटेना. जयेश फळीवरून आलेला चेंडू सगळ्यांच्या वर, दोन्ही हातांत छान पकडायचा आणि मग, टाकायच्या आधी, पोटापर्यंत खाली आणायचा. तिथे तो कुणाच्याही हाताशी यायचा. झाईच्या संघात एक बुटका खेळाडू होता, तो तर याच्या पोटाशी टपूनच बसायचा. चेंडू खाली आला की टप्पकन गायब! वर मलाच ओरडून सांगायचा, “नंदूभाई, लिफ्ट आली खाली!” मी ते माईकवरून पुढे सांगायचो, दुप्पट तिखटमीठ लावून. “मंडळी, लिफ्ट तळमजल्यावर! चढणाऱ्यांनी घाई करावी!” जयेशला मी मोबाईलचा टॉवर म्हणायचो, ताडाचं झाड म्हणायचो. मैदानभर हशा. तोही हसायचा, मान खाली घालून.

“चेंडू हनुवटीच्या वर!” ताई ओरडून ओरडून थकली. आठ महिने. तिला वाटलं खांदे दुबळे आहेत; व्यायाम दिला. वाटलं धक्क्याला घाबरतो. मला पाठीमागून ढकलायला उभं केलं, त्यात माझीच कंबर धरली. एक दिवस तो आमच्याकडे आला होता. मी ओटीवर झोपाळ्यावर, माझ्या डोक्यावरच्या फळीवर हवा भरायचा पंप. ताई आतून म्हणाली, “जयेश, पंप घे रे.” हा उभाच. हात लांब केला तर पंप दोन वितींवर.

“घे की,” मी म्हटलं.

“काका, जरा सरका ना.”

“अरे, तुझा हात अर्ध्या छपराला लागतो! माझ्या वरून घे.”

“नाय, काका. मोठ्या माणसाच्या डोक्यावरून हात कसा नेऊ?”

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. ताई पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली आणि त्याच हातानं तिनं स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं. “आठ महिने, नंद्या! आठ महिने मी याचे खांदे बघते आहे!” मग त्याच्याकडे वळून अगदी हळू विचारलं, “कोर्टावर पण तेच होतं का रे? समोरचा मोठा असला की?” तो म्हणाला, “लहान असला तरी, बाई. आपण कुणाच्या डोक्यावरून… बरं नाय वाटत. हात आपोआप खाली येतो. आई म्हणते, डोक्यावरून हात गेला की त्या माणसाचं वाईट होतं.”

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, खुळचटपणा सोड. ताईनं तो दिवसभर विचार केला आणि संध्याकाळी उपाय काढला, जो फक्त तिलाच सुचू शकतो. सामना सुरू व्हायच्या आधी जयेशनं समोरच्या संघातल्या प्रत्येकासमोर जायचं आणि हात जोडून नमस्कार करायचा. सगळा मान आधीच देऊन टाकायचा, म्हणजे नंतर डोक्यावरून हात न्यायला मोकळा. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी माईकवर हसून हसून आडवा झालो. सहा फूट चार इंचांचा मुलगा कंबरेत वाकून झाईच्या त्या बुटक्याला नमस्कार करतो आहे, आणि बुटका घाबरून उलटा यालाच नमस्कार करतो आहे! “मंडळी,” मी ओरडलो, “मुलगी पसंत आहे, बोलणी सुरू करा!” जयेशनं त्या दिवशी एकही चेंडू हनुवटीच्या खाली आणला नाही, पहिली पाच मिनिटं. मग माझ्या विनोदांनी मैदान हसायला लागलं आणि हात हळूहळू खाली आले.

घरी आल्यावर ताईनं चहा केला नाही. मोठ्यानं ओरडलीही नाही. “तुझ्या प्रत्येक विनोदाला तो एक इंच खाली येतो,” म्हणाली. “मी महिनाभरात एक इंच वर नेते. तू मोज आता.”

मी मोजलं नाही. माणसाला हशा मिळतो तेव्हा तो कशाला काय मोजतो.

ती निवृत्त झाली, जयेश डहाणूच्या कॉलेजात गेला आणि दोन वर्षं रोज सकाळी पहिल्या गाडीनं आमच्या खळ्यात यायला लागला. खळ्याच्या टोकाला तिनं लोखंडी खांब रोवून रिंग लावून घेतली होती. आता प्रश्न असा, की त्याच्यासमोर बचावाला उभं कोण राहणार? पाच फुटांची ताई! तिनं वाडीतला झेला उचलला. उंचावरचे चिकू काढायला आम्ही लांब बांबूच्या टोकाला जाळी लावतो, तो. दोन्ही हातांनी तो उभा धरून ती जयेशच्या समोर राहायची आणि जाळी त्याच्या चेंडूवर आणायची. जयेशनं पाठ द्यायची, वळायचं आणि जाळीच्या वरून चेंडू ठेवायचा. चेंडू जाळीत गेला की ताई नाचायची, “चिकू पिकला, चिकू पिकला!” दर दोन महिन्यांनी ती झेला थोडा आणखी वर धरायची आणि तिथे बांबूला एक लाल दोरा बांधायची. अकरा दोरे झाले होते. मी झोपाळ्यावरून बघायचो. मला दिसायचा तो त्याचा चेंडू. तिचे थरथरणारे हात मला दिसले नाहीत. डॉक्टरांनी तिला हृदयाला ताण देऊ नका म्हणून सांगितलं होतं, गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांची पाकिटं मला ती गेल्यावर सापडली, शिट्टीच्या डब्यात. निम्म्या गोळ्या तशाच होत्या.

त्या रविवारी निवड समितीची दोन माणसं येणार होती. राज्याच्या संघात नाव आलं असतं तर खेळाडूंच्या जागांतून नोकरीला अर्ज करता आला असता. ताईनं ही वाट त्याच्या आईला पाड्यावर जाऊन समजावली होती आणि आईनं दोन वर्षं त्याला कामावर नेलं नव्हतं ते त्याच भरवशावर. सकाळी मी निघालो तेव्हा ताई खुर्चीत बसून होती. “मी येत नाही, अंगात कसकस आहे. तू जा. आणि नंद्या… आज टॉवर नको, ताड नको. त्याचं नाव घे. नुसतं नाव.”

“अगं, मग मी बोलू काय?”

“जयेश म्हण. तेवढं पुरे.”

आणि मी म्हटलं. शपथेवर सांगतो, तीस वर्षांत इतकं चांगलं निवेदन मी केलं नव्हतं. जयेशनं सगळ्यांना नमस्कार केला, मी गप्प राहिलो. “जयेशकडे चेंडू. जयेश वळला. जयेश… ठेवला!” उजव्या हातानं, डाव्या हातानं, दोघं अंगावर असताना, धक्का खाऊन. हात एकदाही खाली नाही. लोक हसत नव्हते, माझ्याबरोबर म्हणत होते, ‘ठेव!’ झाईचा तो बुटका कमरेवर हात ठेवून ओरडला, “नंदूभाई, लिफ्ट बिघडली, खालीच येत नाय!” समितीच्या दोघांपैकी एकानं माझ्याकडे वळून नाव नीट विचारून घेतलं. मी ते दोनदा सांगितलं. मग चिठ्ठ्या आल्या.

जयेशनं माझा आवाज ऐकला तेव्हा चेंडू त्याच्या डोक्याच्या वर होता. त्यानं मान वळवून भोंग्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही, भोंग्याकडे. हात खाली आले. हनुवटीच्या खाली, छातीच्या खाली, पोटापर्यंत. झाईचा बुटका हातभर अंतरावर उभा होता, त्यानं चेंडू घेतला नाही. कुणीच घेतला नाही. तीन सेकंद झाले, दहा झाले, पंचांनी शिट्टी तोंडाला लावली होती ती वाजवली नाही. मग जयेश वाकला आणि त्यानं चेंडू जमिनीवर ठेवला. टाकला नाही… ठेवला. आणि मैदानातून चालत माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. “काका, चला.”

माझा मोबाईल बंद म्हणून शेजाऱ्यांनी मैदानावर निरोप धाडला होता. आम्ही पोचलो तेव्हा ताई खुर्चीतच होती, तोंड रिंगकडे. झेला खांबाला टेकवलेला.

पुढे समितीतून फोन आला, पुन्हा एकदा बोलावलं होतं, दिवस दिला होता. जयेश गेला नाही. मी पाड्यावर गेलो. त्यानं मला खाटेवर बसवलं, स्वतः दारात उकिडवा बसला. मी बोललो. बोलणं हा माझा धंदा, मी ताईच्या नावानं विनवलं, रागावलो, एक विनोदसुद्धा करून बघितला. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, “काका, दोन वर्षं मी रोज बाईंच्या डोक्यावरून हात नेला.”

“अरे, तिचं हृदय आधीपासून…”

“इतरांना नमस्कार केला. बाईंना कधी केला नाय. त्या म्हणायच्या, मला कशाला, मी तर घरची.”

मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळ्या होत्या, तिनं आपल्याला कुणालाच कळू दिलं नाही. तो म्हणाला, “हो, काका.” मी म्हटलं, चूक झाली असेल तर माझी आहे, ती चिठ्ठी मी वाचली, घरी जाऊन सांगता आलं असतं, तुझा सामना पुरा झाला असता. तो म्हणाला, “हो, काका.” त्या दोन शब्दांच्या पलीकडे जाता येईना. त्याची आई चुलीपाशी होती, ती एवढंच म्हणाली, “बाई असत्या तर बोलल्या असत्या काहीतरी.” मी उठलो. निघताना त्या दाराची चौकट माझ्या कपाळाला लागली. जयेश लगेच पुढे झाला, पण त्याचा हात माझ्या डोक्यापाशी येऊन थांबला आणि खाली गेला.

निवडीचा दिवस गेला. नाव गेलं. ताईला मी आता काय सांगू, आणि कुठे?

गेल्या आठवड्यापासून आमच्या वाडीत चिकू काढणं सुरू आहे. जयेश आईबरोबर टेम्पोनं येतो. मी नको म्हणालो होतो. तो म्हणाला, काम आहे काका, कुठं तरी करायचंच. खांबाला टेकलेल्या झेल्याला तो हात लावत नाही, कुणालाच लावू देत नाही. त्याला झेला लागतही नाही. फांदीखाली उभा राहतो, दोन्ही हात वर करतो, पानांत बघतो, देठाशी हलकेच पिळतो आणि चिकू पाटीत ठेवतो. एकदा उजव्या हातानं, एकदा डाव्या. चार दिवसांपूर्वी मी एक पाटी आत नेऊन ठेवली. दोन दिवसांनी सगळे चिकू कापले. एकही काळा निघाला नाही. मी ते सगळे कापलेले चिकू समोर घेऊन बसलो होतो, हलवा करायला घरात कुणी नव्हतं.

पहिल्या दिवशी मी वाडीतून चक्कर मारायला निघालो. त्याच्या झाडाजवळून गेलो तर मला बघून त्याचे हात खाली आले. तो वाकला आणि मी पुढे जाईपर्यंत तसाच उभा राहिला. परत येताना पुन्हा तेच. मी मोठा ना…

म्हणून आता सकाळी मी वाडीत जात नाही. ओटीवर दार अर्धं लोटून झोपाळ्यावर बसतो, झोपाळा हलू न देता, तोंड मिटून. बोलावंसं वाटलं तर ताईनं सांगितलेलं नुसतं नाव म्हणतो, तेही मनातल्या मनात. तेवढ्या फटीतून खांब दिसतो, झेला दिसतो, त्यावरचे अकरा दोरे दिसतात, आणि पलीकडे पानांच्या वर गेलेले त्याचे हात. मी तिथे नसलो, की ते वरच राहतात.